‘एनीवन’ म्हणजे कोणी, कोणीही की कोणीतरी?

निपाणीजवळच्या एका मराठी शाळेत बी.एड.चे सराव पाठ घेणाऱ्या एका शिक्षिकेनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सातवीच्या मुलांना ‘डिड एनीवन कम येस्टरडे?’ याचं मराठी करायला दिलं, तर बऱ्याच जणांनी ‘काल कोणीही आलं का?’ असं लिहिलं. शब्दकोशात ‘एनीवन’पुढं ‘कोणीही’ असंच छापलेलं असल्यामुळं चूक द्यायला हात होईना, आणि बरोबर द्यायला कान तयार होईना. त्याच वर्गातल्या एका मुलानं ‘घरात कोणी नाही’ याचं इंग्रजी ‘एनीवन इज नॉट इन द हाउस’ असं केलं. हे चूक आहे एवढं त्यांना कळतं, पण का चूक ते मुलांना सांगता येत नाही. मग ‘एनीवन’चा अर्थ नेमका काय धरायचा, ‘समवन’ आणि ‘नो वन’पासून तो वेगळा कसा दाखवायचा, आणि मुलांना येणाऱ्या कन्नडचा आधार घेतला तर चालेल का?

तुमच्या कानाला जे खटकलं ते बरोबर खटकलं. ‘काल कोणीही आलं का?’ असं मराठी माणूस विचारत नाही. आपण ‘काल कोणी आलं होतं का?’ म्हणतो, आणि खानापूर-बेळगावकडं ‘काल कुणी आलतं काय?’. शब्दकोश खोटा नाही, अपुरा आहे. ‘एनीवन’ला दोन कामं आहेत आणि छोट्या कोशांत त्यातलं एकच नोंदलेलं असतं. राहून गेलेलं काम शाळेतल्या वाक्यांत जास्त वेळा लागतं, म्हणून हा घोटाळा दरवर्षी नव्या मुलांकडून तसाच्या तसा होतो. खानापूर आणि बेळगावच्या मराठी शाळांत इंग्रजी शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली, आणि या एका शब्दासाठी मी वर्गात जेवढा वेळ दिला तेवढा काळांनासुद्धा दिला नसेल. तो वेळ वाया गेला असं मला कधी वाटलं नाही.

पहिलं काम: प्रश्न, ‘जर-तर’ आणि नकार. ‘हॅज एनीवन कॉल्ड?’ म्हणजे कोणी फोन केला होता का. ‘इफ एनीवन कम्स, टेल मी’ म्हणजे कोणी आलं तर मला सांग. ‘आय डिडन्ट सी एनीवन’ म्हणजे मला कोणी दिसलं नाही. या तिन्ही ठिकाणी मराठीत साधं ‘कोणी’ येतं. माणूस आहे की नाही हेच इथं ठरलेलं नसतं. प्रश्न विचारणाऱ्याला ते माहीत नाही, ‘जर’ म्हणणाऱ्यानं ते पुढं ढकललंय आणि नकार देणाऱ्यानं ते नाकारलंय.

दुसरं काम: मोकळीक. ‘एनीवन कॅन जॉइन’, कोणीही सामील होऊ शकतं. ‘आस्क एनीवन’, कोणालाही विचार. इथं माणसं आहेत, त्यांतलं कुठलंही चालेल. या कामाला मात्र ‘कोणीही’च लागतं. कोशात नोंदलेला अर्थ तो हाच.

आणि ‘समवन’? माणूस आहे हे नक्की, कोण ते ठाऊक नाही किंवा सांगायचं नाही. ‘समवन हॅज टेकन माय अम्ब्रेला’, माझी छत्री कोणीतरी नेली. छत्री गेलेली आहे, म्हणजे नेणारा असणारच. म्हणूनच ‘एनीवन टुक माय अम्ब्रेला’ असं म्हणता येत नाही. घडून गेलेल्या गोष्टीच्या साध्या होकारार्थी वाक्यात ‘एनीवन’ बसत नाही, कारण तिथं अमुक एक माणूस ठरून गेलेला असतो. एक अपवाद मुलांना लगेच भेटतो, तो सांगून टाकावा: ‘एनीवन हू केम गॉट प्रसाद’. हे बरोबर आहे, कारण मागं ‘हू’ जोडल्यावर अर्थ ‘जो कोणी आला त्याला’ असा होतो. तालुका कचेरीतल्या नोटिशीत ‘एनीवन हू विशेस टु अप्लाय’ असं असतं, त्याचं मराठी ‘ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी’ असं होतं. ‘जो-तो’ची ही जोडी मराठीत इतकी रुळलेली आहे की मुलं तिथं अडत नाहीत.

हा फरक मुलांना नव्यानं शिकवावा लागत नाही. आपल्या भागातली मुलं दिवसभर तो बोलत असतात. ‘दारात कुणीतर आलंय.’ ‘कुणी आलंय काय बघ.’ ‘कुणीबी येऊ दे, मी घाबरत न्हाई.’ पहिल्यात ‘तर’, दुसऱ्यात काहीच नाही, तिसऱ्यात ‘बी’. सहा वर्षांचं पोरही यांची अदलाबदल करत नाही. पाठ घेताना मी आधी फळ्यावर ही तीन वाक्यं बोलीतच लिहितो आणि त्यांच्याखाली अनुक्रमे ‘समवन’, ‘एनीवन’ आणि पुन्हा ‘एनीवन’ लिहितो. पुस्तकी मराठी सुरुवातीला आणलं की मुलं अर्थ सोडून शब्दाला शब्द चिकटवत बसतात. बोली आणली की अर्थापासून सुरुवात होते. वर्गात बोली लिहायची नाही असा काही ठिकाणी दंडक असतो. इंग्रजीच्या तासाला तरी तो मोडावा असं माझं ठाम मत आहे.

माणसांऐवजी वस्तू घेतल्या तर हा फरक आणखी ठळक होतो. ‘डोन्ट से एनीथिंग’ याचं मराठी काय? ‘काही बोलू नकोस.’ कोश उघडून कोणी ‘काहीही बोलू नकोस’ लिहिलं, तर त्याचा अर्थ बहुधा ‘वाट्टेल ते बरळू नकोस’ असा लागतो. एकात गप्प बसायला सांगितलंय, दुसऱ्यात तोंड सांभाळायला. ‘काहीतरी बोल’ ही तिसरीच गोष्ट, तिथं ‘समथिंग’ येतं. ‘काही’, ‘काहीही’, ‘काहीतरी’ ही तीन वाक्यं मुलांकडून मोठ्यानं म्हणवून घ्या. घरी आईनं यांपैकी कुठलं कधी म्हटलं होतं हे त्यांना आपोआप आठवतं, आणि ‘एनी’ म्हणजे ‘ही’ हे समीकरण त्यांच्या मनातून तिथंच पुसलं जातं.

‘एनी’ या शब्दाचं मूळही उपयोगी पडतं. जुन्या इंग्रजीत ‘एक’ या अर्थाचा जो शब्द होता त्यालाच शेपूट लागून ‘एनी’ तयार झाला. म्हणजे पोटात ‘एक’ आहे. मराठीत ‘एखादा’च्या पोटातही तोच ‘एक’ आहे. ‘इज देअर एनी बस टु निपाणी?’ याचं सरळ मराठी ‘निपाणीला एखादी बस आहे का?’ असं होतं. ‘कोणतीही बस आहे का?’ असं बसस्टँडवर कोणी विचारणार नाही. पण ‘टेक एनी बस’ म्हटलं की ‘कोणतीही बस पकड’. पुन्हा तीच दोन कामं.

आता कन्नडचा प्रश्न. आधार घ्याच, न घेणं म्हणजे हातातलं साधन टाकून देणं आहे. सीमाभागातल्या आपल्या मुलांना शाळेत कन्नड शिकावं लागतं आणि बाजारात ते बोलावं लागतं. या विषयात कन्नडची मांडणी फार नेटकी आहे. ‘यारो बंदिद्दारे’ म्हणजे कोणीतरी आलंय. ‘यारादरू बंदिद्दारा?’ म्हणजे कोणी आलंय का. ‘यारू बंदिल्ला’ म्हणजे कोणी आलेलं नाही. ‘यारु बेकादरू बरबहुदु’ म्हणजे कोणीही येऊ शकतं. चार अर्थ, चार रूपं. इंग्रजीत हेच अनुक्रमे ‘समवन हॅज कम’, ‘हॅज एनीवन कम?’, ‘नो वन हॅज कम’ आणि ‘एनीवन कॅन कम’. कन्नडनं जिथं ‘यारादरू’ आणि ‘यारु बेकादरू’ असे दोन वेगळे शब्द ठेवले, तिथं इंग्रजीनं एकाच ‘एनीवन’वर भागवलंय. हे मुलांना फळ्यावर समोरासमोर दिसलं की ‘एनीवन’ला दोन कामं आहेत हे वेगळं पटवावं लागत नाही.

शब्द कसे बनलेत तेही दाखवा. कन्नड ‘यारू’मधला शेवटचा दीर्घ ऊ म्हणजे ‘सुद्धा’. आपल्या ‘कोणीही’मधला ‘ही’ म्हणजेही ‘सुद्धा’, आणि बोलीतल्या ‘कुणीबी’मधला ‘बी’सुद्धा तोच. दोन वेगळ्या भाषाकुळांतल्या या भाषा इथं एकाच रीतीनं शब्द घडवतात. पलीकडच्या गल्लीतली भाषा आपल्यासारखाच विचार करते हे मुलांना व्याकरणातून कळलं, तर ते मला इंग्रजीइतकंच मोलाचं वाटतं.

इथवर मुलांची मराठी आणि कन्नड इंग्रजीला मदत करतात. पण एका जागी या दोन्ही भाषा मिळून मुलाला खड्ड्यात घालतात, आणि तुमच्या विद्यार्थ्याचं ‘एनीवन इज नॉट इन द हाउस’ हे वाक्य नेमकं तिथलं आहे.

मराठीत ‘कोणी आलं नाही’, कन्नडमध्ये ‘यारू बरलिल्ला’. दोन्हीकडं सर्वनाम आधी येतं आणि नकार शेवटी क्रियापदाजवळ. आपल्याला वाक्य संपेपर्यंत नकाराची वाट पाहायची सवय आहे. इंग्रजीत हे चालत नाही. तिथं पहिल्या कामातल्या ‘एनी’ला नकार आधी ऐकू यावा लागतो. ‘आय डिडन्ट सी एनीवन’ यात ‘नॉट’ आधी, ‘एनीवन’ नंतर, म्हणून वाक्य बरोबर. ‘एनीवन डिडन्ट कम’ यात ‘एनीवन’ आधी आला, नकार मागं राहिला, म्हणून वाक्य मोडलं. कर्त्याच्या जागी नकार हवा असेल तर तो सर्वनामातच घालावा लागतो: ‘नो वन केम’. घरात कोणी नाही, ‘देअर इज नो वन इन द हाउस’, किंवा ‘देअर इजन्ट एनीवन इन द हाउस’. दुसऱ्या वाक्यात ‘देअर’नं पुढची जागा घेतली, त्यामुळं ‘एनीवन’ नकाराच्या मागं गेला आणि चालला.

वर्गात नियम म्हणून मी एवढंच सांगतो: नकार आधी, ‘एनी’ नंतर, आणि वाक्याची सुरुवातच करायची असेल तर ‘नो’नं करा. ‘एनीवन हू डजन्ट हॅव अ टिकिट मस्ट वेट’ हे वाक्य या नियमाविरुद्ध दिसेल, आणि एखादं हुशार पोर ते दाखवेलही. तिथं ‘एनीवन’ दुसऱ्या कामावर आहे, ‘ज्याच्याकडं तिकीट नाही त्यानं’, आणि नकार मधल्या छोट्या वाक्याचा आहे. त्या पोराला शाबासकी द्या आणि पुढं चला.

‘नो वन’ शिकवल्याबरोबर दुसरी चूक डोकं वर काढते: ‘नो वन डिडन्ट कम’. मराठीत ‘कोणीच आलं नाही’ म्हणताना ‘कोणीच’वर एवढा जोर असतो की मुलाला त्याच शब्दात नकार आहे असं वाटतं आणि क्रियापदातला नकारही तो सोडत नाही. प्रत्यक्षात ‘कोणीच’मध्ये नकार नसतो, तो सगळा ‘नाही’त असतो. इंग्रजी ‘नो वन’मध्ये तो आत शिजलेला आहे, म्हणून क्रियापद होकारार्थी ठेवायचं. प्रमाण इंग्रजीत ‘नो वन डिडन्ट कम’चा अर्थ लावायचाच झाला तर ‘न आलेलं कोणी नव्हतं’, म्हणजे सगळे आले, असा उलटा लागतो.

कर्मणी प्रयोग शिकवताना हा नियम फुकटात पक्का करता येतो. ‘नोबडी हेल्प्ड हिम’ याचं कर्मणी रूप ‘ही वॉजन्ट हेल्प्ड बाय एनीबडी’. कर्ता मागं गेला, त्याच्या पोटातला नकार मात्र पुढं क्रियापदावर येऊन बसला आणि मागं ‘एनीबडी’ उरलं. परीक्षेसाठी मुलं हे रूपांतर पाठ करतात. नकार कुठून कुठं गेला ते बोटानं दाखवलं तर पाठ करायची गरज उरत नाही. आणि ‘एनीवन-एनीबडी’, ‘समवन-समबडी’ यांत अर्थाचा फरक शोधू नका. ‘बडी’ची रूपं जरा जास्त बोलण्यातली, एवढंच.

‘सम’ नकारात येतच नाही, असा नियम बऱ्याच गाइडांत छापलेला असतो. तो तसा शिकवू नका. हजेरीपत्रक समोर ठेवा. सगळ्या शिक्षकांच्या सह्या आहेत, एका नावापुढचा चौकोन कोरा आहे. मुख्याध्यापक म्हणतात, ‘समवन हॅजन्ट साइन्ड’. कोणीतरी सही केलेली नाही. अमुक एक माणूस आहे, त्याची सही राहिलीय. ‘नो वन हॅज साइन्ड’ म्हटलं असतं तर सगळेच चौकोन कोरे असते. नकार वाक्यात असला तरी माणूस ठरलेला असेल तर ‘समवन’च.

प्रश्नातही ‘सम’ येतो, आणि कुठं येतो ते पाहण्यासारखं आहे. बेळगावहून खानापूरच्या बसमध्ये चढलात, खिडकीजवळची जागा रिकामी दिसली. सीटवर काही नाही. तुम्ही शेजारच्याला विचाराल, ‘इज एनीवन सिटिंग हिअर?’, इथं कुणी बसलंय काय. आता त्याच सीटवर घडी घातलेला टॉवेल ठेवलेला आहे. टॉवेल आहे म्हणजे धनी खाली चहा प्यायला उतरलाय हे तुम्हाला दिसतंय. मग प्रश्न ‘इज समवन सिटिंग हिअर?’ असा होतो, इथं कुणीतर बसलंय न्हवं? उत्तर ‘हो’ येईल अशी अपेक्षा असली की ‘सम’, काहीच अंदाज नसला की ‘एनी’. पाहुण्याला विचारतानाही म्हणूनच ‘वुड यू लाइक समथिंग टु ड्रिंक?’ म्हणतात. त्यात ‘काहीतरी घ्याच’ हा आग्रह आहे. ‘डू यू वॉन्ट एनीथिंग?’ हा नुसता विचारलेला प्रश्न, आणि आग्रहाशिवाय विचारलेलं आपल्याकडं पाहुण्याला कसं लागतं हे तुम्हाला सांगायला नको.

नकाराच्या बाबतीत अजून एक सांगतो, कारण वरच्या वर्गात हे लागतं. ‘नॉट’ किंवा ‘नो’ दिसत नसूनही वाक्यात नकाराचा अंश असतो आणि तेवढ्यावर ‘एनी’ येऊ शकतो. ‘ही लेफ्ट विदाउट टेलिंग एनीवन’, कोणाला न सांगता तो गेला. ‘हार्डली एनीवन केम’, क्वचितच कोणी आलं. ‘शी फिनिश्ड बिफोर एनीवन एल्स’, दुसरं कोणी संपवायच्या आत तिचं झालं. ‘आय वॉज टू टायर्ड टु टॉक टु एनीवन’, कोणाशी बोलण्याचंही त्राण नव्हतं. मराठी करून पाहिलं की ‘न’, ‘क्वचित’, ‘आत’, ‘त्राण नव्हतं’ असं काहीतरी आपोआप निघतं, आणि तोच पुरावा.

मोकळीक आणि नकार एकाच वाक्यात आले की अर्थ दोन होतात. ‘आय डोन्ट गिव्ह माय बाइक टु एनीवन’: मी माझी गाडी कुणालाच देत नाही. पण शेवटच्या ‘एनीवन’वर आवाज उतरवून परत थोडा चढवला, तर अर्थ होतो ‘मी माझी गाडी कुणालाही देत नाही’, म्हणजे देतो, पण माणूस बघून देतो. लिहिताना सूर दिसत नाही, म्हणून इंग्रजीत तिथं ‘जस्ट एनीवन’ लिहितात. मराठीत ‘कुणालाही’ या एका शब्दातही हे दोन्ही अर्थ दडलेले आहेत आणि आपणही ते सुरावरच ओळखतो. दहावीच्या मुलांना हे वाक्य दोन्ही सुरांत म्हणून दाखवा. व्याकरणाच्या तासाला कंटाळणारी मुलंही यात रस घेतात, असा माझा अनुभव आहे.

‘एव्हरीवन’चाही असाच एक पेच आहे. ‘सगळे आले नाहीत’ म्हणताना आपल्याला बहुधा ‘काही आले, काही राहिले’ असं म्हणायचं असतं. मुलं त्याचं ‘एव्हरीवन डिड नॉट कम’ करतात, आणि ते वाचणाऱ्याला काही आले की एकही आलं नाही हे कळत नाही. ‘नॉट एव्हरीवन केम’ लिहायला शिकवा.

क्रियापद आणि लिंग. ‘एव्हरीवन’, ‘समवन’, ‘एनीवन’, ‘नो वन’ या सगळ्यांना एकवचनी क्रियापद: ‘एव्हरीवन हॅज कम’. आपलं ‘सगळे आलेत’ अनेकवचनी असल्यामुळं ‘हॅव’ लिहिलं जातं. पण क्रियापद एकवचनी असूनही पुढं येणारं सर्वनाम ‘दे’ असतं: ‘इफ एनीवन कॉल्स, टेल देम आय अॅम आउट’. मुलं विचारतात, एकच माणूस असताना ‘देम’ कसं? फोन करणारा बाई की बाप्या, हे माहीत नाही म्हणून. इंग्रजीत ही रीत चौदाव्या शतकापासून सापडते. मधल्या काळात व्याकरणकारांनी ‘हिम’ लिहा असा आग्रह धरला होता, आता तो मागं पडलाय.

हीच अडचण मराठीनं वेगळ्या वाटेनं सोडवलीय. ‘कोणी आलं होतं का?’ यात क्रियापद नपुंसकलिंगी आहे. आला की आली ठाऊक नाही, म्हणून ‘आलं’. मराठीत तिसरं लिंग आहे, ते इथं कामी येतं. बायकांपुरतीच गोष्ट असेल तर आपण ‘मैत्रिणींपैकी कोणी आली नाही’ म्हणतो. कन्नड मात्र ‘यारो बंदिद्दारे’मध्ये माणसांचं अनेकवचन वापरते, म्हणजे इंग्रजी ‘दे’च्या वाटेनं जाते. वर्गात मुलांना इंग्रजी ‘दे’ विचित्र वाटला की त्यांना ‘बंदिद्दारे’ आठवून द्या. मराठीतून हे समजावणं अवघड जातं, कन्नडमधून एका वाक्यात जमतं.

याच्याच जोडीला प्रश्नपुच्छ (क्वेश्चन टॅग) येतं आणि परीक्षेत हमखास विचारलं जातं. ‘एव्हरीवन केम, डिडन्ट दे?’ ‘नो वन केम, डिड दे?’ दुसऱ्यात पुच्छ होकारार्थी, कारण नकार ‘नो वन’मध्ये आधीच येऊन गेलाय. वर सांगितलेलं नीट मुरलं असेल तर मुलं इथं चुकत नाहीत.

विशेषणाची जागा फार वेळ घेत नाही, पण सांगून ठेवा. आपण ‘नवीन कोणीतरी’, ‘दुसरं कोणी’ म्हणतो, इंग्रजीत विशेषण मागं जातं: ‘समवन न्यू’, ‘एनीवन एल्स’. ‘दुसऱ्या कोणाची सायकल’, ‘समवन एल्सेस सायकल’, इथं षष्ठीचा प्रत्यय ‘एल्स’ला लागतो.

तुलनेच्या वाक्यांत ‘एनी’ येतो आणि तिथं ‘अदर’ घालायचा की नाही यावर मुलं गोंधळतात. आपलाच जिल्हा घ्या. बेळगाव हा क्षेत्रफळानं कर्नाटकातला सर्वांत मोठा जिल्हा, सुमारे १३,४०० चौरस किलोमीटर. ‘बेळगावी इज लार्जर दॅन एनी अदर डिस्ट्रिक्ट इन कर्नाटका’. इथं ‘अदर’ हवाच, नाहीतर बेळगाव स्वतःपेक्षाच मोठं ठरेल. पण गोव्याशी तुलना केली तर ‘लार्जर दॅन एनी डिस्ट्रिक्ट इन गोवा’. बेळगाव गोव्यात नाही, म्हणून ‘अदर’ नको. गोवा राज्य सगळं मिळून सुमारे ३,७०० चौरस किलोमीटर, त्यामुळं वाक्य खरंही आहे. माणसांच्या बाबतीत हेच काम ‘एल्स’ करतो: ‘शी रन्स फास्टर दॅन एनीवन एल्स इन हर क्लास’.

राहिला एक शब्द की दोन शब्द हा भाग. ‘एनीवन’ जोडून लिहिला तर फक्त माणूस. ‘एनी वन’ तोडून लिहिला तर ‘कोणताही एक’, मग तो प्रश्न असो, आंबा असो वा माणूस. आणि त्यात जोर ‘वन’वर असतो. प्रश्नपत्रिकेत ‘आन्सर एनी वन ऑफ द फॉलोइंग’ असं असतं, खालीलपैकी कोणताही एक सोडवा. पुढं ‘ऑफ’ आलं की तोडूनच लिहायचं: ‘एनी वन ऑफ यू’. ‘नो वन’ मात्र एक शब्द म्हणून जोडून लिहीत नाहीत.

सराव पाठासाठी म्हणाल तर भाषांतराची वीस वाक्यं देऊ नका. ‘कोणी’ची आठ-दहा मराठी वाक्यं द्या आणि इंग्रजी लिहायच्या आधी प्रत्येकापुढं एवढंच लिहायला सांगा: माणूस ठरलेला आहे, माणूस आहे की नाही ठाऊक नाही, कोणीही चालेल, की एकही नाही. हे चार शेरे मराठीतच लिहू द्या. त्यानंतरच इंग्रजी शब्द. नकाराच्या वाक्यांना तिसरा दिवस राखून ठेवा, पहिल्या दिवशी त्यांना हात लावू नका. आणि ज्या मुलांनी ‘काल कोणीही आलं का?’ लिहिलंय त्यांचे मार्क कापण्याआधी त्यांना ते वाक्य शेजारच्या मुलाला मोठ्यानं विचारायला लावा. शेजारचा जे उत्तर देईल त्यावरून ते स्वतःच दुरुस्त करतील.